बिनविरोध म्हणजे एकमत नव्हे

जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्रात 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका होणार होत्या. त्यांतल्या सुमारे दीड हजार ग्रामपंचायतींत मतदान झालंच नाही. सगळ्या जागांवर एकेकच अर्ज उरला, तहसील कार्यालयात घोषणा झाली आणि गावात गुलाल उधळला गेला. वर्तमानपत्रांत अशा गावांचं कौतुक छापून येतं, आमदार सत्कार करतात, काही आमदार तर निवडणुकीआधीच 'गाव बिनविरोध करा आणि इतक्या लाखांचा निधी घ्या' असं जाहीर करतात. शेजारच्या गुजरातमध्ये 2001 पासून सरकारच 'समरस' योजनेखाली बिनविरोध गावांना अनुदान देतं.

त्या ग्रामपंचायतींची पाच वर्षांची मुदत 2026 च्या सुरुवातीपर्यंतची. मुदत भरत आली की पारावर, चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर तोच विषय निघतो: यंदा तरी बिनविरोध करू या, कशाला गावात वाद? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे द्यायला हवं, कारण 'वाद कशाला' या प्रश्नात लोकशाही नेमकी कशी चालते याचीच गोष्ट दडलेली आहे.

बिनविरोध निवड होते तरी कशी?

ग्रामपंचायतीत लोकसंख्येनुसार 7 ते 17 सदस्य असतात. गावाचे प्रभाग पडतात, प्रत्येक प्रभागातून दोन-तीन सदस्य निवडले जातात. निवडणूक जाहीर झाली की अर्ज भरायची मुदत असते, मग छाननी होते, म्हणजे कागदपत्रं तपासली जातात. त्यानंतर अर्ज मागे घ्यायचा दिवस येतो. जागा जितक्या तितकेच अर्ज उरले, तर निवडणूक निर्णय अधिकारी मतदान न घेता त्यांना निवडून आल्याचं जाहीर करतात.

सगळा खेळ त्या अर्ज माघारीच्या दिवशी असतो. त्या सकाळी तहसील कचेरीबाहेर गाड्या लागलेल्या असतात. कुणाला पुढच्या वेळेचा शब्द दिला जातो, कुणाला उपसरपंचपदाची अडीच वर्षं, कुणाला सोसायटीतली जागा. कुणाच्या मामाला मध्यस्थीसाठी आणलेलं असतं. यात सगळंच वाईट असतं असं नाही. खरोखरची समजूतही अशीच घडते. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या टप्प्यावर मत देतात ते उमेदवार आणि त्यांचे पुढारी, मतदार नव्हे. दीड हजार मतदारांच्या गावात पंधरा-वीस माणसं एका खोलीत बसून ठरवतात आणि उरलेल्यांना ते कळतं फटाके वाजल्यावर.

'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय, ज्याला आपण नोटा म्हणतो, तोही इथे हाताशी राहत नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी एक महत्त्वाचा आदेश काढला: नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे नोटाला दात मिळाले. पण मतदान यंत्रच लागलं नाही तर नोटाचं बटण दाबणार कुठे? बिनविरोध निवडीत 'हा माणूस मला नको' एवढं सांगायचीसुद्धा सोय उरत नाही. हे फक्त गावात घडतं असं नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत सुरतेत एकाचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी मागे घेतले आणि एवढ्या मोठ्या शहराचा खासदार एकही मत न पडता ठरला. कायद्याने ते वैध आहे.

एकच व्यापारी उभा असलेला लिलाव

कांद्याचा लिलाव कसा होतो ते नाशिक-नगरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ट्रॉलीभोवती आठ-दहा व्यापारी उभे असतील तर बोली चढत जाते. व्यापाऱ्यांनी आधीच आपसांत ठरवून एकालाच पुढे केलं, तर माल तोच, बाजार समिती तीच, पण भाव पडतो. शेतकऱ्याचं कुणाशी भांडण झालेलं नसतं. लिलाव अगदी शांततेत पार पडतो. नुकसान त्या शांततेतच झालेलं असतं.

निवडणुकीत मतदार हा शेतकऱ्याच्या जागी असतो. त्याच्याजवळ दर पाच वर्षांनी एक मत असतं आणि त्या मताचा भाव ठरतो तो मागणारे किती आहेत यावर. दोन पॅनेल समोरासमोर असली की दोन्हीकडचे लोक खालच्या वस्तीवर जातात, तिथल्या गटारीबद्दल ऐकून घेतात, नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारतात. प्रेमापोटी जात नाहीत. ती चाळीस मतं निर्णायक ठरू शकतात म्हणून जातात. पॅनेल एकच उरलं की त्या वस्तीवर जायचं कारणच संपतं.

दुसरा फायदा माहितीचा. ग्रामपंचायतीचे हिशेब ठरावीक नमुन्यांत ठेवले जातात. नमुना 5 ही रोकड वही, नमुना 8 ही घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. 2021 ते 2026 साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चावा लागतो, उरलेला 40 टक्के गावाच्या इतर गरजांवर. हे आकडे सामान्य माणूस कधी पाहतो? बहुतेक वेळा तेव्हाच, जेव्हा विरोधी पॅनेल पत्रकावर छापतं की अमुक रस्त्यावर एवढे पैसे दाखवले आणि खडी मात्र पडली नाही. त्यात अतिशयोक्ती असेल, दुसरी बाजू तिला उत्तर देईल, आणि त्या ओढाताणीत गावाला आपला हिशेब समजतो. विरोधक हा गावाचा फुकटचा लेखापरीक्षक असतो. तो स्वतःच्या स्वार्थासाठी वह्या तपासतो, पण तपासलेल्या वह्या सगळ्यांच्या कामी येतात.

लिलावाचा हा दाखला 2021 च्या निवडणुकीच्या वेळी शब्दशः खरा ठरला. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातलं उमराणे हे कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. तिथे सरपंचपदासाठीच बोली लागली आणि ती दोन कोटींच्या वर गेली. नंदुरबारमधल्या खोंडामळी गावात अशीच बोली 42 लाखांवर गेली. पैसे मंदिराच्या कामासाठी होते, कुणाच्या खिशात जाणार नव्हते, असं समर्थन झालं. राज्य निवडणूक आयोगाने मतदानाच्या दोनच दिवस आधी दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या, आणि ते योग्यच केलं. उमेदवार होणं, न होणं, अर्ज मागे घेणं हा कायद्याच्या भाषेत 'निवडणूकविषयक हक्क' आहे. तो बजावण्यासाठी किंवा सोडून देण्यासाठी कुणाला मोबदला देणं ही लाच ठरते. पूर्वी भारतीय दंड संहितेत ही तरतूद होती, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 169 आणि 170 मध्ये आहे. मंदिर कितीही चांगलं झालं तरी पद विकत घेणाऱ्या माणसाला गाव उद्या जाब कोणत्या तोंडाने विचारणार? तो म्हणेल, मी किंमत मोजली आहे.

मतभेद वेगळा, तंटा वेगळा, वैर वेगळं

आपण हे तीन शब्द एकाच पिशवीत टाकतो आणि तिथेच गोंधळ होतो.

तंटा हा ठरावीक माणसांतला असतो: बांध कोरला, पाण्याची पाळी चुकवली, मारामारी झाली. तो मिटवायचाच असतो. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 रोजी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली ती अशा भांडणांसाठी, आणि कोर्टकचेरीचे हेलपाटे वाचवणारी मोहीम म्हणून तिचं मोल आहेच. मतभेद ही वेगळी गोष्ट. शाळेची खोली आधी बांधायची की स्मशानभूमीचा रस्ता, टँकर कोणत्या वस्तीला पहिला, गायरानावर सौर प्रकल्प येऊ द्यायचा की नाही, यांत कुणीही गुन्हेगार नसतो. दोन्ही बाजूंची गरज खरी असते आणि पैसा मात्र एकालाच पुरणारा असतो. असा मतभेद 'मिटवता' येत नाही. तो फक्त उघडपणे मांडून, मोजून, काही काळापुरता सोडवता येतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा येणार, कारण गरजा पुन्हा येणार. आणि वैर म्हणजे समोरच्याला गावात राहायचा, बोलायचा अधिकारच नाही असं मानणं.

लोकशाहीची सगळी रचना मतभेदाचं वैर होऊ न देण्यासाठी आहे. त्यासाठी ती मतभेद दाबत नाही, त्याला आखाडा बांधून देते. कुस्तीत दोन पैलवान एकमेकांना आपटतात, पण लाल मातीच्या हद्दीत, पंचासमोर, ठरलेल्या नियमांत. आणि कुस्ती संपल्यावर हात मिळवतात. आखाडा बंद केला म्हणून जोर नाहीसा होत नाही, तो रस्त्यावर येतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 22 डिसेंबर 1952 रोजी पुण्यात वकिलांसमोर बोलताना लोकशाही यशस्वी होण्यासाठी काय काय लागतं ते एकेक करून सांगितलं होतं. त्यात ठसठशीत विषमता नसणं होतं, बहुमताने अल्पमतावर जुलूम न करणं होतं, आणि विरोधी पक्ष असणं ही स्वतंत्र अट होती. सत्तेवर बसलेल्याला पाच वर्षांनी लोकांपुढे जावं लागतं, पण मधल्या काळात रोजच्या रोज त्याला अडवून विचारणारं कुणीतरी सभागृहातच बसलेलं हवं, असा त्यांचा मुद्दा होता. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो याकडे त्यांनी लक्ष वेधलं. विरोध करणं हे तिथे सार्वजनिक काम मानलं जातं आणि कामाला पगार असतो. पुढे भारतात संसदेसाठी 1977 मध्ये आणि महाराष्ट्र विधिमंडळासाठी 1978 मध्ये तसे कायदे झाले.

"पण निवडणुकीने गाव फुटतं, भावकीत बोलणं बंद होतं"

हा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सख्खे चुलतभाऊ पाच-पाच वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. निकालाच्या रात्री हरलेल्याच्या दारासमोर मुद्दाम डीजे लावला जातो. हे खरं आहे.

तरी कारण नीट पाहायला हवं. निवडणूक हरल्यावर माणसाचं नेमकं काय जातं? फक्त पद गेलं तर तो महिन्याभरात सावरतो. पण हरलेल्या प्रभागाचा दिवा बंद पडला तर दुरुस्त होत नाही, घरकुलाच्या यादीतून नाव गळतं, दाखल्यासाठी चार चकरा माराव्या लागतात, असं जिथे होतं तिथे हरणं परवडत नाही. मग निवडणूक जीवावर येते. विष आहे ते 'जिंकलेल्याला सगळं, हरलेल्याला काहीच नाही' या वहिवाटीत. बिनविरोध केल्याने ही वहिवाट बदलत नाही. उलट ज्यांना खोलीतल्या वाटाघाटीत जागा मिळाली नाही ते कायमचे हरलेले ठरतात, आणि आपण हरलो हे सांगायला त्यांच्याजवळ मतांचा आकडाही नसतो.

कोण असतात हे लोक? बैठक बहुधा रात्री, देवळात किंवा कुणाच्या तरी बंगल्यावर होते. तिथे बाया नसतात, जरी निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव असल्या तरी. त्यांची नावं नवरे आणि दीर ठरवतात. दलित वस्तीतून एखादा 'आपला' माणूस बोलावलेला असतो. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तर गावातच नसतात. मतदान असलं की निदान त्यांना आणायला गाडी पाठवली जाते, बिनविरोध ठरलं की तीही नाही. या सगळ्यांचं मौन मग 'संमती' म्हणून मोजलं जातं.

आणि एखाद्याने अर्ज मागे घ्यायला नकार दिला तर? 'एकट्यामुळे गावाचा निधी गेला' हा शिक्का त्याच्यावर बसतो. निधीचं आमिष इथे फार घातक ठरतं, कारण उमेदवारी या साध्या हक्काची किंमत ते सगळ्या गावाकडून वसूल करतं. त्यापुढे जाऊन किराणा बंद, दळण बंद, बोलणं बंद असा प्रकार झाला तर तो सामाजिक बहिष्कार आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये कायदा केला, तो जुलै 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

"खर्च तर वाचतो ना?"

कागदावर हिशेब करून पाहू. 2017 मध्ये आयोगाने ठरवलेल्या मर्यादेनुसार लहान, म्हणजे 7 ते 9 सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराला 25 हजार रुपये खर्च करता येत होते, आणि 15 ते 17 सदस्यांच्या मोठ्या ग्रामपंचायतीत 50 हजार. मोठ्यात मोठी 17 जणांची ग्रामपंचायत घ्या, प्रत्येक जागेवर दोघे उभे आहेत असं धरा. 34 उमेदवारांचा जास्तीत जास्त कायदेशीर खर्च 17 लाख होतो, तोही पाच वर्षांतून एकदा. उमराण्याच्या बोलीशी ताडून पाहा.

प्रत्यक्षात खर्च याहून कितीतरी जास्त होतो हे उघड आहे. ढाब्यावरची जेवणं, दारू, पाकिटं. पण तो खर्च मतभेदाचा नाही, मत विकत घेण्याचा आहे आणि बेकायदा आहे. गाव बिनविरोध झालं की तो बंद होतो असंही नाही. मतदाराला द्यायचा पैसा माघार घेणाऱ्याला दिला जातो, एवढाच फरक. घाऊक खरेदी किरकोळीपेक्षा स्वस्त पडते.

"मग हिवरे बाजारचं काय?"

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली जवळपास तीस वर्षं निवडणूक झाली नाही आणि गाव देशभर नावाजलं गेलं. बिनविरोधाच्या बाजूने हा दाखला हमखास दिला जातो.

त्या गावाने काय केलं ते बारकाईने पाहिलं पाहिजे. दरवर्षी पाऊस मोजून, साठलेलं पाणी मोजून त्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. असे निर्णय वाद न होता होतील का? ज्याच्या शेतात पाणी आहे त्याला ऊस लावू नको म्हणणं म्हणजे त्याच्या कमाईला हात घालणं. तिथे मतभेद होते आणि ते मांडायला ग्रामसभा होती. मतपेटी नव्हती पण आखाडा चालू होता. आणि जानेवारी 2021 मध्ये तिथेही विरोधात अर्ज आले, मतदान झालं, पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. गाव मोडलं नाही. इतकी वर्षं धरलेली संमती त्या दिवशी मोजून मिळाली, आणि माझ्या मते त्या सात जागांचं वजन आधीच्या सगळ्या बिनविरोध निवडींहून जास्त आहे.

याहून शिकण्यासारखं गाव गडचिरोलीत धानोरा तालुक्यात आहे: मेंढा, ज्याला लेखा-मेंढा म्हणून ओळखतात. गोंड आदिवासींचं लहानसं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. वरवर पाहता हेही 'बिनविरोध'च वाटेल. पण पद्धत अगदी उलट आहे.

तिथे एकाही माणसाचा विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलला जातो. त्याचं म्हणणं ऐकायचं, माहिती काढायची, पुन्हा बसायचं. म्हणजे विरोध करणाऱ्या एकट्या माणसाच्या हातात अख्ख्या गावाला थांबवायची ताकद आहे. मग त्याला समजावण्यासाठी गावाला आपली कारणं स्वच्छ करावी लागतात, आणि कधी कधी तोच बरोबर आहे हे कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यासगट. एखाद्या विषयावर खुली चर्चा करायला कुणीही बसावं, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावं, कायदा वाचावा. पण अभ्यासगटाने निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा. विचार करायची जागा आणि ठरवायची जागा वेगळी ठेवल्याने चर्चेत बोललेला शब्द कुणाच्या अंगावर येत नाही. माणूस आज एक मत मांडून उद्या बदलू शकतो, त्यात त्याची पत जात नाही.

या सवयीचं फळ नुसतं सलोख्याचं नाही. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मग बांबू कुणाचा यावर वन खात्याशी वाद झाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेकडे आला. आपसांत नीट वाद घालायला शिकलेलं गाव सरकारशीही नीट वाद घालू शकलं.

म्हणजे सहमतीचे दोन प्रकार आहेत. एकात विरोधकाला बोलतं करून सहमतीपर्यंत आणतात, दुसऱ्यात त्याला घरी बसवून. दोन्हींच्या शेवटी हात वर करणाऱ्यांची संख्या सारखीच दिसते. फरक ओळखायचा असेल तर एकच प्रश्न विचारावा: या गावात 'नाही' म्हणणाऱ्या माणसाचं दुसऱ्या दिवशी काय होतं?

"विरोधक नुसते अडवतात, त्याने काम काय होतं?"

अडवण्यासाठी अडवणं असतंच. सभागृहातला गोंधळ, राजदंड पळवणं, कामकाज बंद पाडणं यांनी लोक वैतागतात ते उगाच नाही. पण विरोधाच्या रेट्याने काय उभं राहतं याचं एक उदाहरण आपल्या पगाराच्या पावतीवर छापलेलं असतं. महाराष्ट्रात नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो: दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाला 2,500.

या कराचा उगम 1972 च्या दुष्काळाशी जोडलेला आहे. तेव्हा दुष्काळी कामांवर एका टप्प्याला सुमारे 50 लाख माणसं खडी फोडत होती. कामाची हमी देण्याची कल्पना सत्ताधारी काँग्रेसमधल्याच वि. स. पागे यांची, आणि तिचा प्रयोग 1965 मध्ये तासगाव तालुक्यात झाला होता. पण ती राज्यभर टिकली ती डावे, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष यांच्या मोर्चांमुळे आणि सभागृहातल्या सततच्या प्रश्नांमुळे: मजुरी किती, मोजमाप कोण करतो, काम घरापासून किती लांब. पैसा कुठून आणायचा हा शहर आणि खेडं यांच्या हिताचा उघड संघर्ष होता. त्यावर तोडगा निघाला तो असा की शहरातल्या कमावत्यांनी व्यवसाय कर द्यायचा आणि सरकारने आपल्या तिजोरीतून त्यात भर घालायची. व्यवसाय कराचा कायदा 1975 चा, रोजगार हमीचा कायदा 1977 चा, आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. 2005 मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता. दुष्काळाच्या वर्षी 'आत्ता राजकारण नको' म्हणून सगळे गप्प बसले असते तर ही हमी कायद्यात उतरली नसती असं मला ठामपणे वाटतं.

विरोधकाला बाहेर काढायचा मोह मात्र प्रत्येक सत्ताधाऱ्याला होतो, पक्ष कोणताही असो. जुलै 2021 मध्ये महाविकास आघाडीच्या काळात भाजपच्या 12 आमदारांना विधानसभेतून एका वर्षासाठी निलंबित केलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2022 रोजी ते रद्द केलं: निलंबन त्या अधिवेशनापुरतंच असू शकतं. कारण साधं आहे. आमदाराला वर्षभर बाहेर ठेवलं तर शिक्षा त्याच्या मतदारसंघाला होते, आणि काठावरचं सरकार या वाटेने आपलं बहुमतही फुगवू शकतं. पुढे 2024 च्या विधानसभा निवडणुकीनंतर पारडं फिरलं. 288 जागांच्या सभागृहात विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला 20 जागा मिळाल्या, विरोधी पक्षनेतेपदासाठी किमान दहा टक्के जागा हव्यात हा संकेत कुणालाच गाठता आला नाही आणि ती खुर्ची रिकामी राहिली. आज ज्याला विरोधक नकोसा वाटतो त्याला उद्या त्याच बाकावर बसायचं असतं, म्हणून हे नियम कुणाच्याच सोयीने वाकवू नयेत.

ग्रामसभेत विरोध नोंदवायचा कसा?

निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं बंधनकारक आहे. गावात निवडणूक झालेली असो वा नसो, हा आखाडा कायद्याने उघडा आहे.

इथे काय बिघडतं ते माहीत असावं. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल ती आहे. तेवढे लोक नसले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. म्हणून पहिली सभा मुद्दाम ओस पाडायची आणि महत्त्वाचे ठराव दुसऱ्या सभेत वीस जणांत उरकायचे, ही जुनी युक्ती आहे. त्यावर उपाय म्हणजे तहकूब सभेची तारीख वहीत लिहून ठेवणं आणि त्या सभेला आवर्जून जाणं. दुसरी युक्ती घरोघरी वही फिरवून हजेरीच्या सह्या घेण्याची. सभेला न जाता सही दिली की न ऐकलेल्या ठरावाच्या सभेत तुम्ही हजर ठरता.

विषयपत्रिका सभेच्या सात दिवस आधी मिळायला हवी. ती वाचून आपला मुद्दा आधीच लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. सभेत बोलताना 'भ्रष्टाचार झालाय' एवढं म्हणून उपयोग नसतो. कोणतं काम, कोणत्या वर्षाचं, मंजूर रक्कम किती, प्रत्यक्ष लांबी-रुंदी किती, असं विचारलं की उत्तर द्यावं लागतं. मंजूर कामं आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावनिहाय पाहता येतात, ते छापून सोबत न्यावेत. ठरावाला विरोध असेल तर 'माझा विरोध कारणासह इतिवृत्तात लिहा' असं स्पष्ट सांगावं. इतिवृत्त म्हणजे सभेचा लेखी वृत्तान्त. ते ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, लिहितात. सभा संपण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवायचा आग्रह धरावा, कारण सगळ्यात जास्त गडबड कोऱ्या ठेवलेल्या पानांवर नंतर होते. विरोध लिहिला नाही असं वाटलं तर दुसऱ्याच दिवशी लेखी पत्र द्यावं, माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागावी, आणि तरीही न जमल्यास पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी.

आणि सभेत समोरच्याचं म्हणणं खोडताना त्याच्या भावकीचा, जातीचा, जुन्या बांधाच्या भांडणाचा उल्लेख करू नये. रस्त्याच्या कामाबद्दल बोलायचं असेल तर त्याबद्दलच बोलावं. सभा सुटल्यावर त्याच्याबरोबर चहा घेता आला पाहिजे, कारण पुढच्या सभेत पाण्याच्या टाकीच्या ठरावाला त्याचाच हात वर हवा असेल.